आधी वजाबाकी कर

फ्लेक्स पाहिला तुझा. 'व्यसनमुक्त जिल्हा, समृद्ध जिल्हा', आणि खाली हात जोडलेला तू. ज्या भिंतीला तो टांगलाय, तिच्या पलीकडेच परवान्याचं देशी दारूचं दुकान आहे. सकाळी शटर अर्धं वर जायच्या आधीच तिथे माणसं उकिडवी बसलेली असतात. तुझ्या एकाही कार्यकर्त्याला ते दिसू नये? आमदार झालास म्हणून मी तुला अहोजाहो करणार नाही. चौथीत वजाबाकी मी शिकवली होती, आज पुन्हा करून घेते.

देशीची क्वार्टर आता 80 रुपयांना. रोज एक, म्हणजे महिन्याचे 2400. लाडक्या बहिणीच्या खात्यात तुम्ही टाकता 1500. आता 1500 मधून 2400 वजा कर. जात नाहीत ना? मग वरचे 900 कुठून येतात? रोवणीच्या मजुरीतून येतात, पोराच्या वह्यांतून येतात, कधी बचतगटाच्या कर्जातून येतात. आणि हा हिशेब एका क्वार्टरवर थांबणाऱ्या नवऱ्याचा आहे. असे थांबणारे किती, ते तू मला सांगू नकोस.

जून 2025 मध्ये सरकारने दारूवरचा कर वाढवला, त्याला मी बरोबरची खूण देते. दारू महागली की पिणं घटतं, असं जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. पण तुम्ही कारण काय दिलंत? वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील! उत्तर बरोबर, रीत चूक. अर्धेच गुण. वर त्याच निर्णयात 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार काढलात. क्वार्टरला देशी 80, ही नवी 148, विदेशी 205. ज्याला 205 झेपणार नाहीत, त्याच्यासाठी मधली पायरी सरकारनेच बांधून दिली. उत्पादन शुल्क खात्याला 1223 नवी पदंही मिळाली. म्हणजे वसुलीला माणसं मिळतात. समुपदेशक मागायला गेलं की मात्र निधी नसतो.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण 2019 साली आलं. वाचलंस? दारूच्या पुरतं आहारी गेलेल्या 38 माणसांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळतो तो 180 मधल्या एकाला. 38 पोरांच्या वर्गात एकालाच पुस्तक मिळालं असतं, तर तुझ्या बापाने शाळेला कुलूप ठोकलं असतं. इथे कुणी ब्र काढत नाही, कारण बेवड्याची कणव कुणाला येत नाही. त्याच्या बायकोची तरी यावी ना?

आपल्या चंद्रपूरचंच घे. डिसेंबर 2010 मध्ये दारूबंदी मागायला चिमूरहून हजारो बायका नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या. समिती बसली, अहवाल आला, तो पडून राहिला. 1 एप्रिल 2015 पासून बंदी आली आणि 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने ती उठवली. चोरटी दारू वाढली म्हणालात. वाढली होती, खोटं नाही. पण बंदी घालताना किती तालुक्यांत उपचाराची सोय केलीत? आणि उठवताना, परत सुरू झालेल्या दुकानांच्या महसुलातला किती पैसा त्यासाठी बांधून ठेवलात? दोन्ही वेळा फटाके मात्र फुटले.

शेजारी गडचिरोलीत बंदी 1993 पासून आहे. दारू तिथेही संपलेली नाही. पण 2016 पासून डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' चालवलं. गावात संघटना, तालुक्याला उपचाराचं क्लिनिक, पोलिसांची कारवाई, सगळं एका दावणीला बांधलं. तुमच्याकडे कर गोळा करणार उत्पादन शुल्क, व्यसनमुक्ती पाहणार सामाजिक न्याय, खाटा आरोग्य खात्याच्या आणि दारू पिऊन गाडी चालवणारा पोलिसांचा. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण 2011 चं आहे, एवढं तरी ठाऊक आहे का? एक ना धड, भाराभर चिंध्या.

27 जानेवारी 2022 ला सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याच दिवशी पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राचे अनिल अवचट गेले. योगायोगच, पण माझ्या डोक्यातून जात नाही. पुढे ओरड झाली आणि तो निर्णय बासनात गेला.

आता म्हणशील, बाई, महसूल बुडाला तर योजना कशा चालवायच्या? बुडव म्हटलंय का मी? दारूच्या करातला ठरावीक हिस्सा कायद्याने बाजूला काढ, त्याला स्वतंत्र लेखाशीर्ष दे, म्हणजे वर्षअखेरीला दुसरीकडे वळवता येणार नाही. उपजिल्हा रुग्णालयात दारू सोडवायच्या खाटा ठेव, तालुक्याला पगारी समुपदेशक दे. आणि आडव्या बाटलीचा नियम बदल. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी, मतदानाच्या दिवशीचा रोज बुडवून, आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच गावचं दुकान बंद होतं. तुला निवडून यायला यादीतली निम्मी मतं लागली होती का रे?

हिवाळी अधिवेशन नागपूरलाच भरतं. तारांकित प्रश्न टाक: दारूच्या महसुलातला किती पैसा गेल्या वर्षी उपचारावर खर्च झाला, जिल्हावार आकडे द्या. उत्तर छापील मिळतं. ते घेऊन ये, मगच आपण पुढचं बोलू.