कचरा कोणाच्या दारी?



ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, असे शाळेत मुलांना शिकवतात. का वेगळा? 'स्वच्छतेसाठी' हे उत्तर अपुरे आहे.

फेब्रुवारी २०१८ आठवा. नारेगाव परिसरातील गावकऱ्यांनी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षे शहर स्वच्छ होत होते ते त्यांच्या शिवारात घाण ओतून. मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळल्या. तेथेही लोक उठले, दगडफेक झाली. आपली स्वच्छता दुसऱ्याच्या दारातील दुर्गंधी असू शकते, हे मुलांना सांगायला हवे.

एखादा मुलगा विचारील, "गाडीत सगळे एकत्रच टाकतात, मग मी कशाला वेगळे करू?" प्रश्न रास्त आहे. व्यवस्थेचा दोष त्याच्यापासून झाकू नये. पण त्या ढिगात कचरा वेचणाऱ्या बाईचा हात जातो. फुटकी काच कागदात गुंडाळून वेगळी ठेवली तर तो हात वाचतो, मग गाडी कशीही असो.

वस्तू टाकून न देता योग्य हेतूने पुन्हा वापरणे हे प्रेमाचे कृत्य होऊ शकते, असे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात लिहिले. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना मात्र त्याचे गुण कोणी दिले नाहीत! आणि पालकहो, 'टाकाऊतून टिकाऊ' प्रकल्पासाठी दुकानातून नवे कार्डशीट आणू नका.