वेठ आणि स्वेच्छासेवा

गावी जत्रा, खेळांचे सामने किंवा आरोग्यशिबिर असले म्हणजे पाणी भरण्यास, पंगत वाढण्यास व गर्दी आवरण्यास काही तरुण आपण होऊन पुढे येतात. दुसऱ्या वर्षी त्यांतले निम्मेच दिसतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांस शोधावे लागते. मग वडील मंडळी म्हणतात, "हल्ली सेवाभाव उरला नाही." परंतु दोष खरोखर कोणाचा? जो मोल मागत नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

कित्येकांचे म्हणणे असे की, स्वयंसेवकाची फार सोय पाहिली तर त्यास मोबदल्याची चटक लागते व सेवेचे पावित्र्य जाते. ह्या विचारात एक घोटाळा आहे. निःस्वार्थपणा हा देणाऱ्याचा गुण होय. तो घेणाऱ्याचा हक्क नव्हे.

आपल्या पालघर जिल्ह्यास हा भेद नवा नाही. पूर्वी येथील वारली लोकांकडून जमीनदार वेठ घेत असत. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे, जे गाव आज तलासरी तालुक्यात आहे, गोदावरी व शामराव परुळेकर ह्यांच्या पुढाकाराने परिषद भरली, आणि यापुढे वेठ करावयाची नाही असा निर्धार वारल्यांनी केला. वेठीत मोल नव्हते, हा अन्याय होताच. परंतु "नाही" म्हणण्याची मुभा नव्हती, हा त्याहून मोठा अन्याय होता. याउलट आपल्या महाराष्ट्रातील इर्जिक पाहा. शेजारी आपापले बैल घेऊन एकाचे शेत नांगरून देतात. तेथेही मजुरी नाही. तथापि शेतधनी सर्वांस आदराने जेवू घालतो, आणि उद्या त्यांच्या शेतावर आपण जावयाचे हे तो जाणून असतो.

तेव्हा बिनमोलाचे काम वेठीकडे झुकते की इर्जिकीकडे, हे करवून घेणाऱ्यावर अवलंबून आहे. डहाणूजवळील विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस चालते. इतके दिवस त्या उन्हात एकाच माणसाने उभे राहावे, असे कोणी म्हणेल काय? यास्तव पाळ्या आधी ठरवाव्या व ठरल्या वेळी माणसास मोकळे करावे. तारापूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या तरुणास सकाळचे काम सांगू नये. स्वयंसेवकास उरलेसुरले अन्न न देता वेळेवर जेवू घालावे. गरिबास गाडीभाडे द्यावे. ते मोल नव्हे, कारण सेवा करणाऱ्यास पदरचा खर्च पडू नये एवढेच त्यात आहे. जो मुकाट्याने राबतो त्याच्याच माथी सर्व भार टाकू नये. बेत ठरविताना त्याचेही मत घ्यावे. आणि एखाद्याने "यंदा जमत नाही" म्हटले, तर त्यास टोचून बोलू नये. कारण ज्यास नकार देता येतो त्याचाच होकार खरा.

पुढील जत्रेची सभा भरेल तेव्हा वर्गणीचा हिशेब मांडण्यापूर्वी एवढे करावे: मागील वर्षी जे आले व यंदा आले नाहीत, त्यांच्या घरी दोघांनी जावे, कारण विचारावे, आणि उत्तर निमूटपणे ऐकून घ्यावे.