नीवी

नीवी म्हणजे कमरेच्या वस्त्राची गाठ, आणि नीवी म्हणजेच मुद्दल, मूळ भांडवल. एकाच शब्दात वस्त्र आणि द्रव्य कसे नांदू लागले हे आपल्या पणज्यांना सांगावे लागले नसते, कारण त्यांचा पैसा कनवटीलाच असे. गाठ सुटली की लाज आणि धन दोन्ही गेले. तेव्हा साधकहो, हा शब्द व्यापाऱ्याच्या वहीत शिरण्याआधी अंगाला बिलगून राहिलेला आहे, एवढे ध्यानी धरून पुढे जाऊ.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, या शब्दाच्या आधी ‘अक्षय’ येऊन बसला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० काहापण नाण्यांची अक्षयनीवी दिली आणि ती गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली: २००० एकीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. ही काहापणे परत द्यायची नाहीत, त्यांची वृद्धी तेवढी भोगायची, असे लेख बजावतो. (मी बोटांवर हिशेब करून पाहिला. २००० चे वर्षाचे व्याज २४०, आणि २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ म्हणजे तेही २४०. एक नाणेही इकडेतिकडे नाही.)

ज्याच्या घरी राज्याचे कोठार होते त्याने आपले पुण्य कोष्ट्यांच्या ओटीत का घातले असेल? याच नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, आणि त्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. विजेत्याचा एक घाव बसला की राजाचा मुखवटा पुसला जातो, हे राजघराण्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. माग मात्र राजा बदलला म्हणून थांबत नाही, आणि जिथे माग चालतो तिथे व्याज पिकते. नीवी बांधायची तर अशा कमरेला बांधावी, एवढे त्या दात्याने ओळखले होते.

आणि गाठ चारचौघांदेखत बांधली. हे दान निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवले गेले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदले गेले, असे लेख सांगतो. त्या सभेचा खांब आज कोणाला दाखवता येणार नाही. पण ती सभा काय करत असे हे या एका ओळीत पुरते कळते. तिथे दानाला साक्ष मिळे. मुद्दल श्रेणीकडे, वचन सभेच्या कानांत, नोंद फळ्यावर, आणि मग डोंगराच्या दगडात: नीवीला एवढे वेढे दिल्यावरच तिला अक्षय म्हणायचे.

पुढे गुप्तकाळी, गुप्त संवत १४६ म्हणजे इ. स. ४६५-६६ मध्ये, देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने इंद्रपूरच्या तेल्यांच्या श्रेणीकडे अशीच ठेव ठेवली. सूर्यमंदिरातल्या दिव्यासाठी त्या श्रेणीने नित्य दोन पळे तेल द्यावे. (हे इंद्रपूर म्हणजे माळव्यातले इंदूर नव्हे, उत्तर प्रदेशात बुलंदशहराकडचे.) त्या ताम्रपटात शब्द ‘मूल्य’ असा आहे, पण गाठ तीच, आणि तिथे तिचा सर्वांत आतला पदर दिसतो: श्रेणी गाव सोडून दुसरीकडे गेली तरी, जोवर ती एकत्र आहे तोवर, ठेव तिचीच. म्हणजे नीवी गावाच्या भुईत पुरलेली नव्हती, तेल्यांच्या एकोप्यात होती; घाणे बैलगाडीवर चढले तर सूर्याचा दिवाही त्यांच्याबरोबर प्रवासाला निघाला असता.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा ८७६ सालचा लेख लोक शून्य पाहायला जाऊन वाचतात, २७० या आकड्यातले ते चिमुकले वर्तुळ. मी मात्र त्यात दिव्याच्या तेलासारखेच नित्य चालणारे दान पाहतो: देवाला रोज वाहायच्या ५० माळा. त्यासाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद फुलबाग.

पण मन पुन्हा गोवर्धनच्या विणकरांकडे वळते. मागावरचा ताणा संपत आला की कोष्टी तो सगळा उतरवून टाकत नाही. जुन्या ताण्याच्या उरलेल्या टोकांना नव्या सुताची टोके एकेक करून पीळ देत जोडतो, शेकडो टोके, दिवसभर मान वाकवून, आणि मग पुन्हा धोटा फिरू लागतो.