बाग कोणाची?

व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्यात माणूस नकळत अंग चोरून चालतो. दोरीच्या अलीकडे राहायचं, कानाला यंत्र लावायचं, मागच्या घोळक्याला वाट देत पुढे सरकायचं. खोल्या १४४१; पाहायला मिळतात त्या मोजक्याच.

मागच्या बागेत पाऊल टाकलं की तेच अंग सैल होतं. छाटून भिंतीसारख्या उभ्या केलेल्या उंच झाडांच्या रांगांतून कोणी धावत असतं, कोणी बाबागाडी ढकलत टेकडीवरच्या ग्लोरिएट या वास्तूकडे निघालेलं असतं. राजवाड्याकडे यांचं लक्षही नसतं. मला या बेफिकिरीचं फार अप्रूप वाटतं. सत्तेच्या दारात इतकं निवांत असणं माणसाला आपोआप लाभत नाही.

१७७९ च्या सुमारास, सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या हयातीतच, ही बाग लोकांना खुली झाली. तिचा मुलगा जोसेफ दुसरा याने त्याआधी, १७६६ मध्ये, व्हिएन्नातलंच प्राटरचं शाही शिकारीचं रान खुलं केलं होतं. पाऊल मोठं होतं, यात शंका नाही. तरी ती मेहेरबानीच. राजाने दिलेलं राजा परत घेऊ शकत होता. मग ११ नोव्हेंबर १९१८ रोजी याच वाड्यातल्या निळ्या चिनी दालनात वाटाघाटी होऊन सम्राट कार्ल पहिल्याने राज्यकारभार सोडला, आणि दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक जाहीर झालं. बागेतली एक वाटही हलली नाही. फिरायला येणाऱ्याला मात्र आता कोणाचे आभार मानायचे उरले नाहीत.

आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १८७९ मध्ये लोकांसाठी बाग उभारली, ती आज महापालिका सांभाळते. त्यांची दूरदृष्टी मला वंदनीय वाटते. पण बाग सरकारची, आपण तिथे पाहुणे, ही समजूत आपल्या मनातून अजून गेलेली नाही. म्हणून दुपारी फाटकाला कुलूप दिसलं तरी आपण मुकाट्याने परत फिरतो.

तिकडे शोनब्रुनचा कारभार १९९२ पासून सरकारी मालकीची एक कंपनी पाहते. वास्तू आणि बाग यांची निगा तिने स्वतःच्या कमाईतून राखायची, आणि त्या कमाईत मोठा वाटा राजवाड्याच्या तिकिटांचा. बागेत शिरायला मात्र पैसे पडत नाहीत. सम्राटांच्या शयनगृहांनी नागरिकांच्या बागेचा खर्च उचलावा, ही व्यवस्था मला त्या वाड्यातल्या कुठल्याही झुंबरापेक्षा देखणी वाटते.