हरणाऱ्यांच्या बाकावर

९ ऑक्टोबर २०२५ रोजी सिस्टर जीन डोलोरेस श्मिट शिकागो येथे देवाघरी गेल्या. वय १०६ वर्षे. बी.व्ही.एम. या धर्मभगिनींच्या संघात त्या १९३७ साली दाखल झाल्या, अनेक वर्षे शाळा-कॉलेजांत शिकवले आणि १९९४ पासून जेजुइट फादरांच्या लोयोला विद्यापीठात मुलांच्या बास्केटबॉल संघाच्या चॅप्लेन म्हणून सेवा केली. २०१८ साली हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चार संघांत पोचला, तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, गळ्यात संघाच्या रंगाचा स्कार्फ घातलेल्या ९८ वर्षांच्या सिस्टर जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकल्या. गंमत म्हणजे, त्या वर्षी स्पर्धेआधी कोण कुठवर जाईल याचा जो तक्ता त्यांनी भरला होता, त्यात आपला संघ बराच आधी हरेल असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते!

त्यांचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण आम्हांला विचार करावासा वाटतो तो २०१८ च्या आधीच्या चोवीस वर्षांचा. त्या सगळ्या काळात हा संघ त्या मोठ्या स्पर्धेत एकदाही पोचला नव्हता. १९८५ नंतर थेट २०१८. मधल्या वर्षांत कॅमेरे नव्हते, वार्ताहर नव्हते. एक संन्यस्त स्त्री सामन्याला जात होती, मुलांसोबत प्रार्थना करत होती आणि सामना संपला की त्यांना पत्र लिहीत होती. हरल्यावरसुद्धा.

आपल्यापैकी कुणीतरी म्हणेल, एवढा वेळ रुग्णसेवेला दिला असता तर? प्रश्न गैर नाही. चेंडू जाळीतून खाली पडतो की कडेला आपटून बाहेर जातो, यावर स्वर्गराज्य अवलंबून नाही. मग जे फारसे महत्त्वाचे नाही, आणि ज्यात यशाची आशाही थोडी आहे, अशा गोष्टीवर जीव लावणे हे प्रेम म्हणावे की वेळेची नासाडी?

लोयोला तरी पुढे प्रसिद्ध झाले. हा प्रश्न खरा उभा राहतो तो अमेरिकेतल्या लहान कॉलेजांच्या संघांपाशी. तिथे कॉलेजच्या खेळांचे तीन मोठे वर्ग आहेत. पहिल्या वर्गात दूरदर्शन, पैसा, हजारोंची गर्दी. तिसऱ्या वर्गातल्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, तसा नियमच आहे. मुले अभ्यास सांभाळून, प्रयोगशाळेतून धावतपळत सरावाला येतात. यांतला क्वचितच कुणी पुढे खेळावर पोट भरतो. बघायला येतात ते आईवडील, वसतिगृहातले मित्र, एखादे प्राध्यापक आणि गावातली काही जुनी माणसे, ज्यांचा कुणी नातलगही संघात नसतो. ही शेवटची माणसे आम्हांला विशेष वाटतात.

कॅलिफोर्नियात पासाडेना येथे कॅलटेक ही विज्ञानाची संस्था आहे. पदवीचे विद्यार्थी हजाराच्या आसपास. नोबेल पारितोषिके भरपूर, बास्केटबॉलचे विजय जवळजवळ नाहीत. १९८५ साली हा संघ आपल्या विभागातल्या स्पर्धेत एक सामना जिंकला आणि त्यानंतर त्या स्पर्धेत लागोपाठ ३१० सामने हरला. तीनशे दहा! एक काळ असा होता, की संघात शाळेत पहिले आलेले विद्यार्थी जास्त आणि शाळेच्या संघातून खेळलेले कमी. जानेवारी २००७ मध्ये त्यांनी बाहेरच्या एका कॉलेजला हरवले, तेव्हा तिसऱ्या वर्गातल्या संघांविरुद्धची २०७ पराभवांची मालिका तुटली. पण विभागातली मालिका चालूच राहिली. ती संपली २२ फेब्रुवारी २०११ रोजी. मोसमातला शेवटचा सामना, समोर ऑक्सिडेंटल कॉलेज. अखेरच्या काही सेकंदांत शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने फ्री थ्रो टाकला आणि कॅलटेक ४६-४५ असे जिंकले. प्रेक्षक मैदानात धावले.

ही बातमी वाचणाऱ्याला तो एक गुण दिसतो. आम्हांला मात्र त्याआधीची सव्वीस वर्षे दिसतात. एखादे मूल १९८५ मध्ये जन्मले असेल तर ते शिकून सवरून नोकरीला लागले असेल, एवढा तो काळ. त्या काळात जो कुणी सामन्याला जाऊन बसला, तो निकालासाठी गेला नव्हता हे उघड आहे. निकाल त्याला घरूनच माहीत होता. मग तो कशासाठी गेला?

आम्हांला वाटते, तो त्या मुलांसाठी गेला. मोठ्या संघाचा चाहता खेळाडूला लांबून पाहतो, त्याचे नाव सदऱ्याच्या पाठीवर वाचतो. लहान कॉलेजचा चाहता खेळाडूला ओळखतो. हा मुलगा गेल्या वर्षी डाव्या हाताने चेंडू नीट टप्पा देऊ शकत नव्हता, आता देतो. त्या दुसऱ्याचा गुडघा दुखावला होता, तो दोन महिने बाकावर बसून राहिला आणि तरी प्रत्येक सामन्याला आला. असे बारकावे लक्षात ठेवणे म्हणजेच कुणाकडे लक्ष देणे. आणि लक्ष देणे हे प्रेमाचे पहिले काम आहे, हे घरात म्हातारे माणूस सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात मेंढपाळ शोधायला निघतो तेव्हा ते मेंढरू किती लोकर देईल असा हिशेब आपल्या प्रभूने कुठेच मांडलेला नाही.

शिवाय या प्रेमाला मुदत असते. चार वर्षे झाली की मुलगा पदवी घेऊन जातो. चाहता तिथेच राहतो. पुन्हा नवी मुले, पुन्हा नवी नावे पाठ करायची. आपल्या धर्मग्रामातल्या वयस्क धर्मशिक्षिकांना हे वेगळे सांगायला नको.

इथवर सगळे गोड आहे. पण चाहत्याच्या प्रेमाला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे आम्हांला बरोबर वाटत नाही. आपला म्हटला की कुणीतरी परका आलाच. मिशिगन राज्यात होप आणि कॅल्विन ही दोन लहान कॉलेजे आहेत, एकमेकांपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. दोन्ही ख्रिस्ती, दोन्ही डच वसाहतवाल्यांच्या प्रॉटेस्टंट परंपरेतली. १८५७ साली त्या चर्चमधून एक गट फुटून निघाला. होप मूळ चर्चचे, कॅल्विन फुटलेल्या गटाचे. १९२० पासून हे दोन संघ बास्केटबॉल खेळत आले आहेत आणि ही चुरस तिसऱ्या वर्गात सर्वांत प्रसिद्ध समजली जाते. एकच शुभवर्तमान वाचणारी माणसे दोन बाजूंना बसून घसा फोडून ओरडतात. दोघांनीही विजयासाठी प्रार्थना केली तर परमेश्वराने कुणाचे ऐकावे? (आपल्याकडे दोन गावांच्या क्रिकेट सामन्याआधी हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही, हेही खरे.)

चुरशीत आम्ही वाईट काही पाहत नाही. शर्यतीत धावणाऱ्याचा दृष्टान्त खुद्द संत पौलाने वापरला आहे. समोरचा चांगला खेळला म्हणून आपल्याला चांगले खेळावे लागते, तेव्हा प्रतिस्पर्धी एक प्रकारे आपला सोबतीच असतो. गडबड होते ती समोरचा माणूस दिसेनासा झाला की.

२० नोव्हेंबर २०१२ रोजी आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या लहान कॉलेजात जॅक टेलर नावाच्या खेळाडूने एका सामन्यात १३८ गुण केले. समोर होते फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज, म्हणजे धर्मसेवेसाठी तरुण तयार करणारी छोटी संस्था. टेलरने १०८ वेळा चेंडू फेकला. ग्रिनेल १७९, फेथ १०४. ग्रिनेलच्या प्रशिक्षकांची पद्धत मोठी मजेशीर होती: भराभर पाच-पाच खेळाडू बदलायचे, सतत धावायचे, लांबून चेंडू फेकायचा. त्यामुळे एरवी बाकावर बसून राहणाऱ्या मुलांनाही खेळायला मिळे. त्या रात्री मात्र सगळे मिळून एकाच्याच हाती चेंडू देत राहिले. विक्रम झाला, देशभर नाव झाले. काहींनी वाहवा केली, काहींनी हा खेळाचा अपमान आहे असे म्हटले.

आम्ही कुणाच्या बाजूचे? सरळ उत्तर देणे कठीण आहे, कारण त्याच सामन्यात फेथच्याही एका मुलाने ७० गुण केले. हरलेल्या संघातल्या त्या मुलाला ती रात्र कदाचित आयुष्यभर आनंदाने आठवत राहील. नियम कुणी मोडला नाही, कुणाला दुखापत केली नाही. तरीही मन खट्टू होते. समोरचा संघ हा संघ न राहता चेंडू आपटायची भिंत झाला, असे वाटते. प्रेक्षकांत बसून एकशे एकविसावा, एकशे चोविसावा असे गुण मोजणाऱ्याने त्या वेळी पलीकडच्या पाच मुलांकडे पाहिले असेल का? पाहिले असेल आणि तरीही त्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या असतील, तर आमचे काही म्हणणे नाही. पाहिलेच नसेल, तर मात्र त्याच्या प्रेमात काहीतरी उणे पडले असे आम्ही म्हणू, मग तो वीस वर्षे न चुकता येणारा निष्ठावंत चाहता का असेना.

सिस्टर जीन सामन्यापूर्वी मुलांना जवळ घेऊन प्रार्थना करीत, त्यात समोरच्या संघाचाही समावेश असे. कुणाला इजा होऊ नये, पंचांनी न्यायाने निर्णय द्यावेत, हेही त्या मागत. शिवाय आपला संघ जिंकावा ही इच्छाही त्या लपवत नसत! समोरच्या संघातल्या कुणाला कसे अडवायचे, हे त्या मुलांना अगदी तपशिलाने सांगत. दोन्ही गोष्टी एकाच म्हातारीच्या मनात सुखाने नांदत होत्या. आपल्या मुलांवर अधिक माया असणे आणि परक्याचे भले चिंतणे यांत भांडण असलेच पाहिजे, असे निदान त्यांना वाटत नव्हते.

कॅलटेकच्या त्या विजयाकडे म्हणूनच आम्हांला पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. मैदानावर उडी मारणारे तरुण, डोळे पुसणारे जुने विद्यार्थी, हे सगळ्यांनी लिहिले. पण त्या रात्री ऑक्सिडेंटलची मुलेही तिथेच उभी होती. सव्वीस वर्षे ज्या संघाला आपल्या विभागातल्या कुणीही हरवावे, त्याच संघाकडून एका गुणाने ती हरली होती. त्यांचे कॉलेज लॉस एंजेलिसमध्ये, पासाडेनापासून काही मैलांवर. घरी परतायची वाट लांबची नव्हती. त्यांच्याही बाजूच्या बाकांवर कुणीतरी आलेले असणार. चेहरे पडलेल्या त्या मुलांना बाहेर गाठून, चल, उद्या भेटू, एवढे म्हणायला थांबलेले.