सूरजची ट्रॉफी कुणाला खुपते?

‘सहानुभूतीवर जिंकला.’ रविवारी रात्री ‘बिग बॉस मराठी’ची ट्रॉफी सूरज चव्हाणच्या हातात गेली आणि तेव्हापासून हे वाक्य जाईन तिथे कानावर पडतं आहे. म्हणणाऱ्यांचा सूरही एकच. खेळ अभिजीत सावंतनं समजून खेळला, घर निक्की तांबोळीनं गाजवलं आणि ट्रॉफी नेली मोढव्याच्या पोरानं, कारण महाराष्ट्राला त्याची कीव आली. मला या वाक्याचा मनापासून राग येतो.

बिग बॉसच्या घरात सहानुभूती न मागितलेला एक तरी स्पर्धक दाखवा. कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या हालअपेष्टा कोण सांगत नाही? घरचं माणूस दारातून आत आलं की कोण हंबरडा फोडत नाही? त्या रडण्यावर वाहिनी करुण संगीत चढवते. ते पार्श्वसंगीत हा माझा जुना राग आहे, कारण कुणासाठी गहिवरायचं आणि कुणाकडे खलनायक म्हणून पाहायचं, हे प्रेक्षकानं ठरवण्याआधीच ते ठरवून टाकतं. म्हणजे सहानुभूती सगळ्यांनी मागितली. सूरजला ती मिळाली, इतरांना कमी मिळाली. मग तक्रार सहानुभूतीबद्दल आहे, की ती आपल्या आवडत्या माणसाला मिळाली नाही याबद्दल?

आणि हा खेळ आहे तरी कसला? घरातल्यांनी नॉमिनेट करायचं, बाहेरच्यांनी मतं देऊन वाचवायचं. हा नियम प्रत्येक स्पर्धकाला करारावर सही करतानाच ठाऊक असतो. अनोळखी माणसाच्या मनात घर करणं हेच इथलं कौशल्य आहे. शर्यत हरल्यावर ‘तो काय, नुसत्या पायांच्या जोरावर जिंकला’ असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र मतांच्या खेळात मतं मिळवणाऱ्यालाच मतं मिळाल्याबद्दल जाब विचारला जातो आहे.

‘सहानुभूतीवर जिंकला’ या वाक्याच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि तीच मला जास्त बोचते. सूरज हा बारामती तालुक्यातल्या मोढवे गावातला मुलगा. आई-वडील लहानपणीच गेले, बहिणींनी वाढवलं, शाळा अर्ध्यावर सुटली. लिहिता-वाचता नीट येत नाही, हे त्यानं राज्यभराच्या प्रेक्षकांसमोर लपवलं नाही. टिकटॉकनं त्याला नाव दिलं आणि जून 2020मध्ये ते अॅपच देशात बंद झालं. तो रील्सकडे वळला आणि पुन्हा शून्यातून उभा राहिला. एवढं सगळं करून तो जिंकला, तर त्याचं नाव नशीब. हेच एखाद्या नीटनेटकं बोलणाऱ्या, पुण्या-मुंबईच्या माणसानं केलं असतं, तर आपण त्याला दूरदृष्टी म्हटलं असतं. स्वतःला पुन्हा घडवलं म्हणून त्याच्या मुलाखती घेतल्या असत्या. गरिबाच्या यशाला नशीब आणि सुस्थिताच्या यशाला स्ट्रॅटेजी म्हणायची ही सवय टीव्हीपुरती नाही. नोकरीत, परीक्षेत, निवडणुकीतही आपण तेच करतो.

मग नशीब नसतंच का? असतं, आणि भरपूर असतं. पण ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं, स्ट्रॅटेजीवाल्यांच्या वाट्याला तर आधी.

ज्याला अशा खेळांमधल्या डावपेचांचा मूळपुरुष मानतात, त्या रिचर्ड हॅचचंच घ्या. 2000 साली अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ या रिअॅलिटी शोचं पहिलं पर्व झालं. बोर्निओजवळचं एक बेट, 16 स्पर्धक, 39 दिवस आणि बक्षीस दहा लाख डॉलर. हॅचनं चौघांची युती बांधली आणि एकेकाला बाहेर काढलं. शेवटच्या आव्हानात खांबावर हात ठेवून तासन् तास उभं राहायचं होतं. तिथून त्यानं मुद्दाम माघार घेतली. उरलेल्या दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी अंतिम फेरीत आपल्यालाच सोबत नेईल, हा त्याचा हिशोब होता आणि तो अचूक ठरला. इथवर सगळी बुद्धी. मग बाहेर पडलेले सात जण मतदानाला बसले. त्यांच्यातल्या ग्रेग ब्युइसनं अंतिम फेरीतल्या दोघांना एवढंच विचारलं, की एक ते दहामधला एक आकडा सांगा. हॅचसमोर उरलेली केली विगल्सवर्थ म्हणाली तीन, हॅच म्हणाला सात. ग्रेगच्या मनात नऊ होता, म्हणून त्याचं मत हॅचला गेलं. निकाल लागला चार विरुद्ध तीन. ते एक मत फिरलं असतं तर केली जिंकली असती. हॅचची अक्कल खरी होती. तिच्यावर शिक्कामोर्तब मात्र एका आकड्यानं केलं.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. फेब्रुवारी 2023मध्ये हिंदी बिग बॉसच्या सोळाव्या पर्वाच्या शेवटी मंचावर मराठी मुलुखातली दोन पोरं उभी होती. एक अमरावतीचा शिव ठाकरे. त्यानं 2019 साली मराठीतलं पर्व जिंकलं होतं, खेळ त्याला पाठ होता, घरातला ‘मंडळी’ नावाचा गट त्यानंच बांधला आणि सांभाळला. दुसरा पुण्याचा एमसी स्टॅन. मला घरी जायचंय, हे तो अर्धं पर्व सांगत होता. शिवच्याच मंडळीत तो तगला आणि शेवटी शिवलाच मागे टाकून जिंकला. शिवनं काय चुकीचं केलं? काहीच नाही. त्यानं तेव्हा हार मानली ती दिलदारपणे. या आठवड्यात मला त्याची फार आठवण आली.

आणि सूरजच्या या पर्वात तर दिवससुद्धा स्पर्धकांच्या हातात नव्हते. शंभर दिवसांच्या तयारीनं माणसं आत गेली आणि खेळ सत्तर दिवसांत आटोपला. शेवटच्या तीस दिवसांसाठी ज्यांनी काही राखून ठेवलं असेल, त्यांचं ते तसंच राहिलं. जान्हवी किल्लेकरनं अंतिम सहातून नऊ लाखांची बॅग उचलली आणि ती बाहेर पडली. हा मला त्या रात्रीचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. आपण जिंकणार नाही हे ओळखणं हीसुद्धा बुद्धीच.

बाकीच्या सबबी, म्हणजे एडिटिंगनं मारलं, बाहेर पीआर होता, रील्सचे फॉलोअर आधीपासून होते, यांत थोडं थोडं तथ्य आहे. ते सगळ्यांना लागू आहे, म्हणून ते सोडून देतो. फक्त एक सबब सोडवत नाही. घरात ज्येष्ठ कलाकारांचा पाणउतारा झाला, एखाद्याच्या आयुष्यभराच्या अभिनयाची टर उडवली गेली, आणि बाहेर आल्यावर ‘तो गेमचा भाग होता’ असं सांगितलं जातं. अपमान झाला तो खऱ्या माणसाचा. खेळ संपला म्हणून तो पुसला जात नाही. स्ट्रॅटेजी म्हणजे मनाला येईल ते बोलायचा परवाना, अशी समजूत असेल तर त्या स्ट्रॅटेजीला मतं मिळाली नाहीत, हे फार चांगलं झालं.

सूरजला 14 लाख 60 हजार रुपये मिळाले. दहा आठवडे कॅमेऱ्यांखाली काढल्याचा तो मोबदला आहे. तो त्याला सुखानं घरी नेऊ द्या. त्याच्यावर आता बरेच जण बरंच काही लादायला बघतील. त्यांना आवरायला त्याच्याजवळ भलं माणूस असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

एक गोष्ट मी दर पर्वाला लिहितो, तीच पुन्हा लिहितो. कुणाला किती मतं पडली हे वाहिनी सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवारालाही आपला आकडा कळतो. इथे लाखो लोक आपला वेळ देऊन मत देतात आणि त्यांच्या हाती फक्त नाव येतं. निकाल ज्यांना पटलेला नाही त्यांनी वाहिनीला पत्र लिहावं, आकडे मागावेत, मिळेपर्यंत मागावेत. सूरजकडे हिशोब मागू नये. त्याला मतं आपणच दिली आहेत.