‘मी’ किती म्हणायचं?

‘तुम्ही टीमचं नेतृत्व केलंय असा एखादा प्रसंग सांगा.’ आणि त्याच्या पाठोपाठ, ‘कुणाला ट्रेनिंग दिलंय का?’ नोकरी पहिली असो की तिसरी, हे दोन प्रश्न येतातच. त्यांची उत्तरं कशी द्यायची याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बहुतेकांत एकच साचा असतो, ‘स्टार’. आधी परिस्थिती, मग तुमच्यावरची जबाबदारी, मग तुम्ही काय केलंत आणि शेवटी निकाल. वर एक सूचना हमखास असते: ‘आम्ही’ म्हणू नका, ‘मी’ म्हणा.

साचा वाईट नाही. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय आणि पाल्हाळ लावणाऱ्यापेक्षा साच्यात बोलणारा उमेदवार केव्हाही बरा. माझं अडतं ते त्या ‘मी’पाशी. ‘सारखं मी मी करू नये’ हे ऐकत वाढलेल्या माणसाला एक दिवस सांगितलं जातं, की आता अर्धा तास फक्त ‘मी’च बोल. त्यात खरं किती आणि फुगवलेलं किती, हे त्यानं कशावरून ठरवायचं?

कारण कामं अशी होतच नाहीत. कॉलेजचं गॅदरिंग घ्या. एक जण ग्रुपवर कामं वाटून देतो. दुसरा रात्री एक वाजता मांडववाल्याकडे जाऊन उभा राहतो. तिसरी, रुसलेल्या दोघांना चहाला नेऊन परत घेऊन येते. नेतृत्व कुणी केलं? रिझ्युमेवर तिघंही लिहिणार, ‘टीम लीड केली’. आणि तिघांपैकी कुणीच धडधडीत खोटं बोलत नसणार.

मराठीत एक मजा आहे. ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी चिठ्ठी लिहिली’. इथं क्रियापद करणाऱ्याकडे बघत नाही, केलेल्या गोष्टीकडे बघतं. लिहिणारा पुरुष की बाई, त्याला फरक पडत नाही. हे नुसतं व्याकरण आहे, त्यातून तत्त्वज्ञान काढायला नको. पण मुलाखत घेताना मला ते उपयोगी पडतं. ‘मी’च्या पुढे काय येतं तिकडे कान द्यायचा. ‘मी टीमला इन्स्पायर केलं’ यात काम शोधून सापडत नाही. ‘मी सहा महिने रोज सकाळी अडलेली कामं फळ्यावर लिहिली’ यात सापडतं. ‘मी’ दोन्हीकडे आहे. दुसऱ्यातल्या ‘मी’नं कुणाची जागा बळकावलेली नाही, एवढंच.

ट्रेनिंगचा प्रश्न याहून अवघड. ‘शिकवणं’ म्हणजे शिकायला लावणं. समोरचा शिकलाच नसेल, तर शिकवलं असं म्हणता येईल का? ‘चाळीस जणांना ट्रेन केलं’ असं कुणी म्हणालं, की मी त्यातल्या एकाबद्दल विचारतो. त्याला आधी काय जमत नव्हतं? बऱ्याचदा कळतं, की चाळीस जण एका हॉलमध्ये बसले होते आणि पुढं स्लाइड्स सरकत होत्या. आणि समजा तो एक जण खरंच शिकला, तरी त्यात त्याची मेहनत असतेच. ती आपल्या नावावर कशी लिहायची?

याची उलटी बाजू मला जास्त छळते. लाइन लीडरच्या जागेसाठी एक ऑपरेटर आला होता, सहा वर्षं सीएनसी मशीनवर काम केलेला. नेतृत्वाचा अनुभव? ‘नाही सर, मी ऑपरेटर होतो.’ ट्रेनिंग दिलंय? ‘नाही सर.’ गप्पांच्या ओघात निघालं, की शॉपमध्ये येणारा प्रत्येक शिकाऊ उमेदवार पहिला महिना याच्याच शेजारी उभा असायचा. झिरो कसा सेट करायचा, टूलचा ऑफसेट कसा द्यायचा, आवाज बदलला की इन्सर्ट घासलाय हे कसं ओळखायचं, सगळं यानंच सांगितलेलं. ‘ते काय ट्रेनिंग नाही सर, पोरांना दाखवायचो.’

अ‍ॅरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्रात स्वतःबद्दल बोलण्याचा विचार केलाय. एका टोकाला बढाईखोर, दुसऱ्या टोकाला स्वतःला कमी करून सांगणारा आणि मध्ये, आहे तेवढंच सांगणारा. बढाईखोर जास्त वाईट हे तो मान्य करतो, पण कमी सांगणंही त्याच्या लेखी खरं बोलणं नव्हे. अति साधेपणात कधीकधी बढाईच असते असंही तो म्हणतो, आणि स्पार्टाच्या लोकांच्या पोशाखाचं उदाहरण देतो. पण हा ऑपरेटर काही नम्रपणा मिरवत नव्हता. आपण करतो त्याला ‘ट्रेनिंग’ म्हणतात, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ट्रेनिंग म्हणजे एसी हॉल, नाव छापलेलं सर्टिफिकेट आणि दुपारचं जेवण. अशा माणसाला ‘आत्मविश्वास वाढव’ असा सल्ला देणं मला उद्धटपणाचं वाटतं.

आमच्या फॉर्मवर नेतृत्वाला पाच गुण होते. शेजारच्या सहकाऱ्यानं एक दिला. ‘तोच नाही म्हणतोय, मग आपण कोण हो म्हणणारे?’ या म्हणण्यात तथ्य आहे. जे बोललं जातं तेच मोजता येतं, नाहीतर प्रत्येक जण मनाला येईल ते उमेदवाराच्या तोंडी घालेल. मी चार दिले, वाद घातला आणि तो हरलो. जागा दुसऱ्याला मिळाली. तो मुलगाही चांगला आहे, त्याचं काम चोख आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझं म्हणणं वेगळं होतं. खरं बोलण्याची सगळी जबाबदारी उत्तर देणाऱ्यावर टाकता येत नाही. ‘नेतृत्व’ हा शब्दच हुद्द्याचा वास घेऊन येतो. ज्याला हुद्दा कधी मिळालाच नाही, तो प्रामाणिकपणे ‘नाही’च म्हणणार, आणि मग आपण त्या प्रामाणिकपणाचे गुण कापणार. असा प्रश्न विचारणाराही थोडा खोटेपणा करतोच.

आता मी तो प्रश्न विचारत नाही. ‘तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा ऑफिसमधून कुणाकुणाचे फोन येतात, आणि कशासाठी?’ असं विचारतो. याचं उत्तर अजून तरी व्हिडिओत मिळत नसावं. परवा बिलिंगमध्ये काम केलेली एक मुलगी बराच वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, ‘पहिल्या वर्षी दोघींचे यायचे, क्रेडिट नोट अडली की. आता नाही येत.’ का येत नाहीत, ते तिनं पुढची दहा मिनिटं सांगितलं.